किताब, पद आणि पराक्रम : बखरींतील एका संकेताची तपासणी

सरदारी घराण्यांच्या दप्तरांत जे करीने, कैफियती आणि वंशावळी सांपडतात, त्यांत एक संकेत इतका रूढ झालेला आहे कीं, वाचणाराची नजर त्यावर ठरत नाहीं. मूळपुरुषानें अमुक लढाईंत तरवारीची शर्थ केली, धनी संतोषले, आणि त्यांनीं त्याच जागीं अमुक किताब बहाल केला. पुढें किताबाचा अर्थ, मग इनाम गांवें, मग वंशविस्तार. उत्तरकालीन बखरकारांनीं हाच संकेत उचलला आणि शाळेच्या पुस्तकांनीं तो बखरींतून घेतला. मराठ्यांच्या फौजेंत हुद्दा आणि मान रणांगणावर एका क्षणांत कमावला जात असे, हा जो सार्वत्रिक समज आहे, त्याचा मुख्य आधार हाच. तो कितपत टिकतो हें बखरींच्याच मजकुरावरून व तारीखवार घटनांवरून पाहावें, एवढा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मुख्य उदाहरण सोलापूर जिल्ह्यांतील अक्कलकोटचें घेतलें आहे. कारण त्या एका नांवांत हा सारा प्रश्न सांठलेला आहे.

आरंभीं तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली पद, म्हणजे ज्यास तैनात आणि जबाबदारी जोडलेली असते असा हुद्दा : हवालदार, जुमलेदार, हजारी, पंचहजारी, सरनोबत. दुसरी किताब, म्हणजे धन्यानें दिलेलें मानाचें नांव : प्रतापराव, हंबीरराव, हिंदुराव, समशेरबहाद्दर. तिसरी बक्षीस, म्हणजे केल्या कामाचा तत्काळ मोबदला : होन, घोडा, कडें, तुरा. आपण मराठींत बोलतांना या तिहींस ‘मानमरातब’ असें एकच नांव देतों, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

या तीन गोष्टी सर्वांत जुन्या बखरकारानें कशा मांडल्या आहेत तें पाहूं. कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें १६९७ च्या सुमारास लिहिली. त्यानें शिवाजी महाराजांचा काळ स्वतः पाहिलेला होता. पागेची रचना सांगतांना तो २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमल्यांवर एक हजारी आणि ५ हजाऱ्यांवर एक पंचहजारी अशी चढण देतो. जुमलेदारास ५०० होन तैनात व पालखी, हजारीस १,००० होन, पंचहजारीस २,००० होन. सर्वांवर सरनोबत. या साऱ्या वर्णनांत किताबाचा उल्लेख नाहीं. पायरी आंकड्यानें ठरलेली आहे. किती माणसें हातीं आहेत आणि त्यांचा हिशेब कोण देतो, यावर ती उभी आहे.

आतां बक्षीस. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ सालीं, महाराजांनीं लोकांचा समाचार घेतला तो भाग सभासदानें सविस्तर दिला आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांचें चालविलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन बांधून दिलें. जखमी झालेल्यांस जखम पाहून २००, १००, ५०, २५ असे होन दिले. नामांकित धारकऱ्यांस हत्ती, घोडे, कडीं, कंठ्या, तुरे मिळाले. येथें पराक्रमाचा मोबदला अगदीं प्रत्यक्ष आहे. जखमेची प्रतवारी आहे, विधवेची सोय आहे, आणि या यादींत नवा किताब एकहि नाहीं.

मग सभासद किताब कोठें सांगतो? पद भरण्याच्या वेळीं. १६६६ सालीं पन्हाळ्याच्या प्रसंगीं नेताजी पालकर वेळेवर पोंचला नाहीं, म्हणून त्याची सरनोबती दूर झाली. राजगडचा सरनोबत कडतोजी गुजर यास ती दिली, आणि त्याचें पूर्वीचें नांव दूर करून ‘प्रतापराव’ हें नांव ठेविलें. १६७४ च्या फेब्रुवारींत नेसरीस प्रतापराव पडल्यावर जागा पुन्हां मोकळी झाली. त्या वेळीं सभासद हंसाजी मोहित्याची ओळख करून देतो ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. हंसाजी पागेंत जुमल्याचा अंमलदार होता. त्याचे गुण सांगतांना मर्दपणाबरोबर शहाणपण, सबुरी आणि चौकसपणा यांची गणना होते. विशिष्ट लढाईचें नांव त्या जागीं नाहीं. माणूस पारखला, ‘हंबीरराव’ नांव दिलें, सरनोबती सांगितली. ज्या सरनोबतानें उतावीळपणें जीव टाकला त्याच्या जागीं सबुरीचा माणूस निवडला, हा त्या नेमणुकीचा मर्मार्थ. किताब हा त्या नेमणुकीचा शिक्का होय. मागल्या एखाद्या घावाचें तें बिल नव्हे.

सभासदाची व्यवस्था ही अशी स्वच्छ आहे. पद चढणीनें व पारखीनें, किताब पदाबरोबर, बक्षीस पराक्रमास. या व्यवस्थेची घडी मोडली ती बखरीच्या पुढच्या पिढीनें.

मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. तिनें लोकप्रिय केलेली कथा सर्वांस ठाऊक आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ सालीं, संताजी घोरपडे व विठोजी चव्हाण यांनीं भीमेकांठच्या बादशाही छावणींत शिरून औरंगजेबाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले. त्याबद्दल संताजीस ‘ममलकतमदार’, बहिर्जीस ‘हिंदुराव’, मालोजीस ‘अमीरुल्उमराव’ आणि विठोजीस ‘हिंमतबहाद्दर’ असे किताब मिळाले. हे किताब या घराण्यांत पुढें खरोखरच चालले. त्यांविषयीं शंका नाहीं. शंका आहे ती जोडणीविषयीं. एका रात्रीच्या छाप्यास चार किताब, आणि त्यांतहि एका घरच्या तिघां भावांस एकेक, ही वांटणी लढाईच्या हिशेबापेक्षां दौलतीच्या हिशेबास अधिक जुळते. त्या वर्षीं राजा नवा, रायगड गेलेला, खजिना रिकामा. फौजबंद घराण्यें धरून ठेवावयाचीं तर देण्यासारखें राजाराम महाराजांजवळ होतें तें नांव आणि पुढें जिंकावयाच्या मुलुखाची सनद. प्रसंगानंतर सव्वाशें वर्षांनीं लिहिणाऱ्या बखरकारास हें राजकारण रुक्ष वाटलें असल्यास नवल नाहीं. कळसाची गोष्ट मात्र ऐकणाराच्या मनांत घर करते.

संताजीचेंच पुढील चरित्र या जोडणीवर उत्तम टीका करतें. त्याचे सर्वांत मोठे विजय कळसांचे नव्हेत. नोव्हेंबर १६९५ मध्यें दोड्डेरीस त्यानें कासीमखानाची फौज कोंडून तिचा नाश केला. जानेवारी १६९६ मध्यें बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. बादशहाचा मुक्काम त्या काळांत आमच्याच जिल्ह्यांत, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होता, आणि १६९९ पर्यंत तो तेथें राहिला. दक्षिणेंत मोगलांस इतका मोठा तडाखा त्या सुमारास दुसऱ्या कोणीं दिला नव्हता. याचा मोबदला काय? १६९६ सालींच राजाराम महाराजांशीं बिघाड होऊन सेनापतिपद धनाजी जाधवाकडे गेलें, आणि १६९७ सालीं संताजी मारला गेला. पराक्रमानें पद मिळतें हें सूत्र खरें असतें, तर या माणसाच्या बाबतींत तें अगोदर खरें ठरावयास हवें होतें. सबुरीचा गुण पाहून हंबीररावास पद मिळालें. तो नसल्यामुळें संताजीचें गेलें, असें म्हणण्यास अधिक आधार आहे.

याचा अर्थ रणांगणावर किताब कधींच मिळत नसे, असा मात्र नाहीं. मोगल दरबाराचें उदाहरण पाहावें. फेब्रुवारी १६८९ मध्यें संभाजी महाराजांस पकडल्याबद्दल शेख निजाम मुकर्रबखान यास ‘खानजमान फतेहजंग’ हा किताब मिळाला, मनसब सात हजारी झाली, व ५०,००० रुपये नक्त मिळाले. येथें कृत्य, किताब, मनसब आणि रक्कम हीं चारहि एकत्र आहेत आणि दरबारच्या इतिहासांत नोंदलेलीं आहेत. जेथें वाढ, नेमणूक व किताब यांची नोंद रोजच्या रोज ठेवण्याचा परिपाठ असतो, तेथें किताबाची कथा लेखणीस बांधलेली राहते. तिला पंख फुटण्यास जागा थोडी.

मराठ्यांकडील असें उदाहरण दमाजी गायकवाडाचें. १७२० सालीं बाळापुरास निजामुल्मुल्क आणि आलमअलीखान यांची लढाई झाली. खंडेराव दाभाड्याची मराठी फौज आलमअलीच्या बाजूस होती. आलमअली पडला, बाजू हरली. पण दमाजीनें तींत नांव राखलें, आणि दाभाड्यांच्या शिफारशीवरून शाहू महाराजांनीं त्यास ‘समशेरबहाद्दर’ किताब दिला. या कथेंत दोन खुणा खऱ्या वाटाव्यात अशा आहेत. एक, किताब पराभवाच्या लढाईचा आहे. घराण्याचा गौरव रचणारा असली लढाई आपण होऊन निवडणार नाहीं. दुसरी, मध्यें शिफारस करणारा वरिष्ठ आहे. धन्याचा हात आकाशांतून खालीं येत नाहीं. पण याहि किताबाचें पुढें काय झालें तें ध्यानांत घ्यावें. १७२१ सालीं दमाजी वारला. किताब पुतण्या पिलाजीकडे गेला आणि तेथून बडोद्याच्या गादीवर चालत राहिला. बाळापुरीं तरवार एकानें चालविली. समशेरबहाद्दर मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाले. कमावलेली गोष्ट वतन झाली.

ही स्थिति मराठ्यांपुरतीच नाहीं. युरोपांतील मध्ययुगीन शिलेदारीविषयीं असाच समज आहे कीं, रणांत गुडघा टेंकला, खांद्यावर तरवार टेंकविली, आणि वीर झाला. पण तेथेंहि साध्या वीराहून वरच्या, म्हणजे स्वतःचें चौकोनी निशाण बाळगणाऱ्या दर्ज्याचें प्रसिद्ध उदाहरण काय सांगतें? १३६७ सालीं स्पेनांत नाखेराच्या लढाईच्या तोंडीं सर जॉन चँडॉस यानें आपलें निशाण इंग्रज युवराजापुढें नेलें व तें फडकविण्याची परवानगी मागितली. फ्रॉयसार या बखरकारानें त्याच्या तोंडीं जें कारण घातलें आहे तें, हा दर्जा सांभाळण्याजोगी जमीन व उत्पन्न आपणांजवळ आहे, हें होय. निशाण लढाईपूर्वीं उघडलें, आणि तेंहि उत्पन्नाच्या बळावर. मैदान रणाचें असलें तरी हिशेब जमिनीचा होता. आपल्याकडे ज्यास सरंजाम म्हणत, तोच त्या निशाणाच्या काठीखालीं होता.

आतां अक्कलकोट. मे १७०७ मध्यें शाहू महाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेकडे निघाले. औरंगाबाद प्रांतांतील पारद या गांवीं त्यांच्या लोकांस अडथळा झाला, लढाई झाली आणि गांवचा पाटील लोखंडे मारला गेला. त्याच्या विधवेनें आपलें लहान मूल आणून महाराजांच्या पायांवर घातलें. महाराजांनीं त्यास अभय दिलें, आपलें मानलें, भोसले हें आडनांव दिलें आणि परतीच्या वाटेवरच्या पहिल्या फत्तेची खूण म्हणून राणोजी या नांवाऐवजीं ‘फत्तेसिंग’ हें नांव ठेविलें. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा हाच मूळपुरुष.

लढाईंतून जन्मलेल्या नांवांचें याहून निःसंदिग्ध उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत क्वचितच मिळेल. आणि तरीहि बखरींच्या संकेतास तें सर्वस्वीं उलटें आहे. नांव धारण करणारा लढला नव्हता. तो अजाण होता. फत्ते त्याची नव्हती. त्याच्या बापावर मिळविलेली होती. ज्याचें नांव विजय, त्याच्या घरीं त्या दिवशीं प्रेत होतें. किताबाचा उच्चार करतांना त्यांत हरलेला पक्षहि दडलेला असतो, ही गोष्ट एरवीं आपल्या ध्यानांत येत नाहीं. येथें ती चुकवितां येत नाहीं.

मग हें नांव कोणाच्या उपयोगाचें होतें? देणाराच्या. १७०७ च्या त्या दिवसांत शाहू महाराज हे हक्कदार असले तरी अद्याप राजे नव्हते. ताराबाईचा पक्ष त्यांस तोतया म्हणत होता. कोणता सरदार येईल, कोणता येणार नाहीं, याचा भरंवसा नव्हता. खेडची लढाई ऑक्टोबरांत व्हावयाची होती, राज्याभिषेक १७०८ च्या जानेवारींत. अशा वेळीं एका गांवढ्या झुंजीस ‘फत्ते’ म्हणणें आणि ती फत्ते एका जिवंत मुलाच्या रूपानें बरोबर घेऊन चालणें, हें आपल्या दैवाचें जाहीर निवेदन होतें. त्यांतील दयाहि खरी होती. पुढील चाळीस वर्षें महाराजांनीं त्या मुलावर लोभ केला हेंच तिचें प्रमाण. दया आणि राजकारण एकाच नांवांत नांदूं शकतात.

फत्तेसिंगांनीं पराक्रम केले नाहींत असें नाहीं. पण क्रम पाहावा. १७२५ ते १७२७ च्या कर्नाटकच्या दोन स्वाऱ्यांत मुख्य म्हणून त्यांचें नांव आहे, बाजीराव पेशवे बरोबर असतां. १७३३ सालीं जंजिऱ्याच्या मोहिमेंत ते आहेत. मे १७४० मध्यें रघूजी भोसल्यांबरोबर दामलचेरीच्या खिंडींत अर्काटचा नवाब दोस्तअली यास त्यांनीं मारलें, आणि मार्च १७४१ मध्यें त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केलें. म्हणजे नांव आधीं आणि दामलचेरी त्यानंतर तेहेतीस वर्षांनीं. या मुलास वाढविणाऱ्या विरूबाई १७४० सालीं वारल्या; त्यांची क्रिया फत्तेसिंगांनीं केली आणि त्यांची मालमत्ता फत्तेसिंगांकडे आली. घराण्याच्या दौलतीचा एक भाग असा मातृवत् प्रेमाच्या वाटेनें आलेला आहे. तरवारीच्या वाटेनें नव्हे. १७४९ सालीं महाराज वारल्यावर ते अक्कलकोटास राहिले व १७६० सालीं निवर्तले. पोटीं संतान नव्हतें. भावाचा मुलगा शहाजी गादीवर आला. पुढें १७८९ ते १८२२ पर्यंत आणि १८९६ ते १९२३ पर्यंत त्या गादीवर आणखी दोन फत्तेसिंग झाले. पारदची फत्ते विसरली, नांव राहिलें. १९४८ सालीं संस्थान विलीन होऊन सोलापूर जिल्ह्यांत आलें.

असेंच स्थित्यंतर करमाळ्याच्या रावरंभा निंबाळकरांच्या बाबतींत दिसतें. निजामाकडील या सरदारांचा किताब इतका अंगीं जडला कीं, लोकांच्या तोंडीं तोच घराण्याची ओळख झाला. किताबाचा असा प्रवास एकदां लक्षांत आला, म्हणजे जुने कागद वाचण्याची दृष्टि बदलते.

तेव्हां संग्राहकांनीं एखाद्या दप्तरांत किताबाची कथा वाचतांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला : कथेबाहेर त्या किताबाचा सर्वांत जुना तारीखवार उल्लेख कोणता? पत्राच्या मायन्यांत किंवा शिक्क्यांत किताब ज्या सालीं प्रथम दिसतो, ती त्याच्या काळाची खरी मर्यादा. करीन्यांतील लढाईचें साल नव्हे. याच न्यायानें किताब हें तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरविण्याचें उत्तम साधनहि आहे. प्रतापराव म्हटलेला गुजर १६६६ च्या अलीकडचा, आणि हयातीचा कागद असेल तर १६७४ च्या पलीकडचा नाहीं. दुसरा प्रश्न : किताबाबरोबर पद किंवा सरंजाम आला काय? आला असल्यास नेमणुकीचें कारण आधीं शोधावें, लढाईचें मागाहून. तिसरा : तो मुलाकडे गेला काय? गेला असल्यास कथा सांगणारा मुलगा आहे कीं नातू, हें पाहावें. कारण वारशानें आलेल्या मानास कमाईची कथा लागते, स्वतः कमावणारास ती सांगण्याचें कारण क्वचित् पडतें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढून अस्सल पत्रांचा जो आग्रह धरला, तो किताबांच्या बाबतींत आपण अद्याप पुरता पाळलेला नाहीं.

पण या तपासणीचा शेवट कथा खोट्या ठरविण्यांत होऊं नये. खरा प्रश्न असा आहे कीं, किताब जर पराक्रमाचें माप नव्हे, तर पराक्रमाची नोंद कोठें शोधावयाची? नेसरीस प्रतापरावाबरोबर सहा स्वार पडले, हा आंकडा समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारामुळें आपणांस ठाऊक आहे. त्यांत त्यांचीं नांवें नाहींत. सभासदाच्या बखरींतहि नाहींत. पुढील काळांत जीं नांवें सांगितलीं जातात, तीं त्या रिकाम्या जागेची लोकांस वाटलेली खंत होय. भीमा-सीनेच्या कांठच्या गांवांत देवळाबाहेर वीरगळ उभे असतात : खालीं झुंज, वर अप्सरांबरोबर स्वर्गाची वाट, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. बहुतेकांवर अक्षर नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस कानडी मुलुखांत मात्र कित्येक वीरगळांवर वीराचें नांव, प्रसंग, आणि सांडलेल्या रक्ताबद्दल दिलेल्या जमिनीचा उल्लेखहि असतो. तिला तेथें ‘नेत्तरुगोडगे’ म्हणत. त्या दगडावरच्या एका ओळीचें मोल शंभर किताबांहून अधिक आहे.

आपल्याकडे त्या ओळीची जागा कागदानें घेतलेली आहे. फौजेचे हजेरीपट, जखमी व ठार यांच्या याद्या, कामास आलेल्या शिपायांच्या मुलांस दिलेल्या बालपरवेशीच्या नोंदी, मेलेल्या घोड्याच्या किंमतीचे हिशेब, हे ते कागद. यांवर मोर्तब नसतें, सोनेरी वेलबुट्टी नसते, अक्षर घाईचें असतें. त्यामुळें बाजारांत किताबाची सनद चौकटींत बसते आणि हे बंद रद्दीच्या गठ्ठ्यांत जातात. सनद एका घराण्याची गोष्ट सांगते. जखमेस २५ होन घेऊन घरीं गेलेला माणूस फक्त यादींत जगतो. ती यादी गेली कीं तो दुसऱ्यांदा मरतो. सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, करमाळा येथील ज्या गृहस्थांकडे जुनीं दप्तरें आहेत, त्यांनीं सनद जपावीच. पण रुमाल सोडतांना फाटका हजेरीपट आधीं बाजूस काढावा व त्यांतील नांवें उतरून ठेवावींत. किताब धन्यानें कोणास कां दिला हें त्यावरून कळणार नाहीं. लढाईंत कोण होतें, एवढें मात्र कळेल.